बाबांना घेऊन अल्माडेनच्या पाऱ्याच्या खाणीवर

गेल्या वर्षी आई-बाबा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे कॅलिफोर्नियात, सॅन होजेला आले होते. पहिल्या दोन महिन्यांत गोल्डन गेट, समुद्र, लिव्हरमोरचं मंदिर, मोठमोठी दुकानं असं सगळं झालं, आईला सगळंच आवडत होतं पण बाबा गप्प गप्प असायचे, गाडीत बसायचे, उतरायचे, फोटोला उभे राहायचे आणि परत गाडीत. बाबा भंडारा जिल्ह्यातल्या चिखल्याच्या मॅंगनीज खाणीत मायनिंग मेट, म्हणजे मजुरांच्या टोळीचे मुकादम होते, उभं आयुष्य जमिनीखाली पाळ्या करण्यात गेलं, आणि आमच्या सबडिव्हिजनमधल्या सारख्या दिसणाऱ्या घरांच्या रस्त्यावर सकाळ-संध्याकाळ चालून माणूस करणार तरी काय. मला ते दिसत होतं पण उपाय सुचत नव्हता. एक दिवस नवरा म्हणाला, अगं आपल्या घरापासून पंचवीस मिनिटांवर अख्खी खाण आहे आणि आपण इथे नऊ वर्षं राहतोय.

ती खाण म्हणजे अल्माडेन क्विकसिल्व्हर काउंटी पार्क, क्विकसिल्व्हर म्हणजे पारा. सांता क्लारा काउंटीचं हे पार्क चार हजार एकरांपेक्षा मोठं आहे, पस्तीसेक मैलांच्या वर ट्रेल्स आहेत, लोक तिथे पळायला जातात, सायकल आणि घोडे घेऊन जातात, कुत्री फिरवतात. मी स्वतः एकदा ऑफिसच्या ग्रुपबरोबर तिथे चालून आले होते आणि खरं सांगते, तेव्हा मला फक्त झाडं आणि चढ आठवत होता. पायाखाली काय आहे ते मी बघितलंच नव्हतं.

पहिल्यांदा आम्ही गेलो ते चुकलंच. मंगळवारी मला सुट्टी होती म्हणून दुपारी बाराला निघालो, जुलैचं ऊन, पार्कच्या पायथ्याशी न्यू अल्माडेन नावाचं छोटं गाव आहे तिथे खाणीचं म्युझियम आहे तिथे पोचलो तर दार बंद. म्युझियम रोज उघडं नसतं, वीकेंडच्या सुमाराला असतं, मी वेळ बघितलीच नव्हती. म्हटलं चला ट्रेलवर तरी जाऊ, तर दहा मिनिटांत आईला चक्कर यायला लागली, झाडाखाली बसवलं, पाणी दिलं आणि परत आलो. तेव्हा कोणी आपल्या आई-वडलांना घेऊन जाणार असेल तर हात जोडून सांगते, म्युझियमच्या वेळा काउंटीच्या साईटवर आधी बघा, आणि उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत चढायला लागा. डोंगरावर प्यायचं पाणी मिळेल असं धरून चालू नका. आम्ही दुसऱ्या वेळी माणशी दोन बाटल्या नेल्या आणि त्या संपल्या.

पण त्या फसलेल्या मंगळवारी एक गोष्ट झाली. परत येताना रस्त्याच्या कडेला म्युझियमची ती मोठी पांढरी इमारत बघून बाबा म्हणाले, "हा मॅनेजरचा बंगला असंल." मी म्हटलं तुम्हाला कसं कळलं, पाटी तर इंग्रजीत आहे आणि लांब आहे. म्हणाले, "खाणीच्या खाली, पाण्याच्या जवळ, सावलीत. मॅनेजरचा बंगला तिथंच राह्यते." आणि खरंच, ती इमारत म्हणजे कासा ग्रांदे, १८५४ साली खाणीच्या मॅनेजरसाठी बांधलेलं घर. बाबा त्या दिवशी घरी येईपर्यंत बोलत होते. दोन महिन्यांत पहिल्यांदा.

मग सप्टेंबरमधल्या एका शनिवारी नीट तयारीनं गेलो. मी, नवरा, आठ वर्षांचा पोरगा आणि आई-बाबा. तिखट पुऱ्या, दही, चिवडा, काकड्या, पाण्याचा कूलर. पार्कला आत जायचे दोन-तीन रस्ते आहेत, आम्ही हासिएंडाचं प्रवेशद्वार घेतलं कारण ते म्युझियमच्या जवळ पडतं. पार्किंगचे पैसे नव्हते, लॉट मात्र लहान आहे, साडेसातला पोचलो तरी निम्मा भरलेला होता, बरेचसे सायकलवाले. ठरलं असं की आई आणि पोरगा खाली ओढ्याच्या बाजूला बसतील, नवरा त्यांच्याजवळ थांबेल, मी आणि बाबा वर जाऊ, आणि नंतर सगळे मिळून म्युझियम.

चढायच्या रस्त्याला माईन हिल ट्रेल म्हणतात. ट्रेल म्हणजे पायवाट नाही, चांगला रुंद कच्चा रस्ता आहे, एकेकाळी ह्यावरून गाड्या वर-खाली जायच्या. दोनेक मैल सतत चढ. दोन्ही बाजूंना ओक आणि बे लॉरेलची झाडं, बेची पानं चुरगाळली की तमालपत्रासारखा पण त्याहून उग्र वास येतो, बाबांनी खिशात चार पानं घातली. कडेला तीन-तीन पानांचं पॉयझन ओक खूप आहे, त्याला हात लावायचा नाही, सप्टेंबरात त्याची पानं सुंदर लाल होतात आणि लहान मुलं नेमकी तीच तोडायला जातात. घरी आल्यावर गोचीड लागलीय का तेही बघायचं. बाबा सत्तरीचे आहेत पण चढताना माझ्या पुढे. मी मधे मधे थांबत होते, ते थांबले की रस्त्याच्या कापलेल्या बाजूकडे बघत, दगडाचे थर बघत, कुठे मलब्याचा उतार दिसला की म्हणायचे, "हे डोंगर नोहे, हा टाकलेला माल हाय." मला तो साधा गवताळ उतार वाटत होता.

वर पोचलं की इंग्लिश कॅम्प लागतो. इथे इंग्लंडातल्या कॉर्नवॉलहून आलेले खाण कामगार राहायचे. कॉर्नवॉलचे लोक म्हणजे कथील आणि तांब्याच्या खाणीत पिढ्यान्‌पिढ्या काम केलेले, जगात कुठेही खाण निघाली की तिथे त्यांना बोलावणं असायचं. त्याच डोंगरावर थोडं पलीकडे स्पॅनिश टाउन होतं, तिथे मेक्सिकन कामगार, आणि चिनी कामगारांची वस्ती निराळी. एकेकाळी ह्या डोंगरावर हजाराहून जास्त माणसं राहत होती, शाळा होती, चर्च होतं, दुकान होतं. आता थोड्या मोडक्या इमारती, पाट्या आणि मोकळी जागा. बाबा त्या मोकळ्या जागेत बराच वेळ फिरले. म्हणाले, "तीन वस्त्या, तीन जातीच्या. आमच्याकडंही असंच होतं, कोण कुठून आला त्याच्यावरून लाईन ठरे." छत्तीसगढी मजुरांच्या घरांची लाईन वेगळी, आपल्या गावचे वेगळे, ऑफिसर वेगळे, हे ते मला पहिल्यांदाच सांगत होते. मी त्याच कॉलनीत वाढले आणि मला कधी ते दिसलं नव्हतं.

समोर उमुनम डोंगर दिसतो, त्याच्या माथ्यावर काँक्रीटचा मोठा चौकोनी ठोकळा आहे तो जुन्या एअर फोर्स स्टेशनच्या रडारचा. हा डोंगर इथल्या अमाह मुत्सुन लोकांसाठी पवित्र आहे. आणि खाणीची गोष्ट खरी तिथूनच सुरू होते, म्हणजे इथल्या मूळच्या लोकांपासून. त्यांना इथला लाल दगड कितीतरी आधीपासून माहीत होता, त्याची पूड करून ते अंगाला रंग म्हणून लावायचे.

तो लाल दगड म्हणजे सिनाबार. मी बाबांना पाटी वाचून दाखवत होते, पारा आणि गंधक मिळून झालेलं खनिज, तर ते म्हणाले, "मंग सरळ हिंगूळ म्हण ना." मला हिंगूळ म्हणजे काहीतरी औषधी, वैद्याच्या डब्यातलं, एवढंच माहीत. बाबा म्हणाले हाच तो, आपल्याकडे वैद्य ह्याच्यातूनच पारा काढत. सॅन होजेच्या डोंगरावर आमचा जुना शब्द बरोबर बसला तेव्हा मला फार बरं वाटलं, का ते नीट सांगता येत नाही.

पुढे सॅन क्रिस्टोबल नावाचं भुयार आहे, इंग्लिश कॅम्पपासून अजून थोडं चालावं लागतं. बाकी सगळी तोंडं सुरक्षेसाठी बुजवलेली आहेत, ह्या एकात थोडं आत जाता येतं आणि मग लोखंडी गजांचं गेट लागतं. आम्ही आत गेलो तेव्हा दुसरं कोणी नव्हतं. बाहेर ऊन तापायला लागलं होतं आणि भुयाराच्या तोंडाशीच थंड हवा अंगावर आली. बाबांनी टोपी काढली. मग हाताच्या बोटांनी, मुठीनं, भिंत ठोकून बघितली, वर बघितलं, परत ठोकली. मला म्हणाले, "आवाज ऐक. भरीव हाय. पोकळ वाजला तं खाली उभं राहायचं नाही, आधी ड्रेसिंग." ड्रेसिंग म्हणजे छताचे सुटे दगड लांब सब्बलीनं पाडून टाकायचे, पाळी सुरू व्हायच्या आधी मेटनं बघायचं काम. चिखल्याला हे त्यांनी रोज केलं, रोज, आणि त्यांच्या हाताखालची माणसं त्या ठोकण्यावर विश्वास ठेवून आत जायची. मी त्यांची मुलगी, बेचाळीस वर्षांची, इंजिनिअर, आणि बाबा कामावर नक्की काय करायचे ते मी कॅलिफोर्नियातल्या भुयारात उभी राहून पहिल्यांदा बघितलं.

गेटजवळ ते बराच वेळ उभे होते. मी फोटो काढला नाही.

परत येताना जुनी रोटरी भट्टी बघितली, दगड भाजून पारा काढायची, ती नंतरच्या काळातली, दुसऱ्या महायुद्धाच्या सुमाराची. महायुद्धात पाऱ्याला मागणी होती. उतरताना गुडघ्यांना त्रास होतो, काठी असेल तर न्या.

खाली आई ओढ्याकाठी मस्त बसली होती, पोरानं कागदावर सात पक्षी लिहून ठेवले होते. पुऱ्या खाल्ल्या आणि म्युझियममधे गेलो. तिकीट नाही, दानपेटी आहे, तिच्यात जरूर टाका. कासा ग्रांदेच्या अर्ध्या भागात मॅनेजरचं घर जसं होतं तसं मांडलंय, पडदे, जुनं फर्निचर, दिवाणखाना, आणि बाकी भागात खाण. आईला दिवाणखाना आवडला, ती तिथेच रमली. ह्या घराशी जोडलेल्या माणसांत हेन्री हॅलेक होता, तो खाणीचा कारभार बघायचा आणि पुढे अमेरिकन यादवी युद्धात उत्तरेच्या सगळ्या सैन्याचा प्रमुख झाला.

खाणीचा इतिहास मी पोराला सांगत होते तो थोडक्यात असा. १८४५ मधे कॅलिफोर्निया अजून मेक्सिकोत होता. आंद्रेस कास्तियेरो नावाचा मेक्सिकन लष्करी अधिकारी सांता क्लाराच्या मिशनमधे आला होता, तिथे त्याला हा जड लाल दगड दाखवला. आधी लोकांनी ह्यात चांदी असेल म्हणून प्रयत्न करून सोडून दिले होते. ह्यानं दगडाची पूड केली, निखाऱ्यावर टाकली आणि वर पेला उपडा धरला, तर पेल्याच्या आत पाऱ्याचे बारीक थेंब जमले. बस, तेवढ्यावर सगळं कळलं. पोरगा म्हणाला घरी करून बघू, त्याला नीट बसवून सांगावं लागलं की पाऱ्याची वाफ विषारी असते आणि हे कधीच करायचं नाही. खाणीला नाव दिलं ते स्पेनमधल्या अल्मादेनच्या जगप्रसिद्ध पाऱ्याच्या खाणीवरून.

ह्याच्यानंतर तीन वर्षांत, १८४८ ला, सोनं सापडलं आणि सगळं जग कॅलिफोर्नियाकडे धावलं. आता पारा कशाला लागतो, तर कुटलेल्या दगडात किंवा वाळूत सोन्याचे बारीक कण असतात ते पाऱ्याला चिकटतात, मग ते मिश्रण तापवलं की पारा उडून जातो आणि सोनं मागे राहतं. चांदीचंही तसंच. म्हणजे सोन्याच्या गोष्टी सगळे सांगतात पण त्या सोन्याच्या मागे हा डोंगर होता. खाणीच्या मालकीवरून इतकी भांडणं झाली की १८६३ मधे खुद्द लिंकनने खाण ताब्यात घ्यायचा हुकूम काढला, आणि इथल्या लोकांत फार खळबळ उडाली म्हणून तो मागे घेतला. मग ती क्विकसिल्व्हर मायनिंग कंपनीकडे गेली. सॅन होजेचं वर्तमानपत्र मर्क्युरी न्यूज, त्याच्या नावातला मर्क्युरी म्हणजे पारा, तो हाच, नऊ वर्षं मी ते नाव वाचतेय.

एका ठिकाणी लोखंडी बाटली ठेवलीय, फ्लास्क म्हणतात, आपल्या पाण्याच्या मोठ्या बाटलीएवढी, जेमतेम अडीच लिटरची. पारा भरल्यावर तिच्यात ७६ पौंड माल, म्हणजे साडेचौतीस किलो. पारा पाण्याच्या साडेतेरा पट जड असतो ना. ह्या खाणीतून अशा ११ लाखांच्या आसपास बाटल्या निघाल्या, अमेरिकेतल्या कुठल्याही पाऱ्याच्या खाणीपेक्षा जास्त. नवऱ्यानं फोनवर हिशोब केला, साधारण ३८ हजार टन.

पण बाबा ज्याच्यासमोर थांबले ते होतं एक चित्र. सुरुवातीच्या काळात मेक्सिकन हमाल खाणीतून माल पाठीवरून वर आणायचे, त्यांना तेनातेरो म्हणत. चामड्याची पिशवी पाठीला, तिचा पट्टा कपाळावर, आणि चढायला शिडी म्हणजे खाचा पाडलेला एकच ओंडका. दोनशे पौंडांपर्यंत ओझं. नव्वद किलो. दिवसातून कितीतरी वेळा. बाबा चित्राच्या इतक्या जवळ गेले की मला वाटलं काच लागेल. त्यांनी ओंडक्यावरच्या पायाकडे बोट दाखवलं, "पाय, टाच नाही टेकवली त्यानं. ओझ्यासंग चढताना टाच टेकवली तं मागं जाते माणूस." मग विचारलं, ह्यांची नावं कुठं लिहिली हायेत का? मॅनेजरांची नावं भिंतीवर होती, मालकांची होती. मी तिथल्या स्वयंसेवक आजींना विचारलं. त्या खूप मनापासून बोलल्या, त्यांनी जुने फोटो दाखवले. पण त्या एका चित्रातल्या माणसाचं नाव काही नव्हतं. मी बाबांना तसं सांगितलं, ते काही बोलले नाहीत.

नंतरच्या मॅनेजरच्या काळात, १८७० नंतर, प्रत्येक कामगार महिन्याला एक डॉलर भरायचा आणि त्यातून डॉक्टर आणि औषधं, हे बाबांना फार आवडलं. आणि मोठे पंप आले, खाण २,००० फुटांपेक्षा खोल गेली. भट्टीवरच्या कामगारांचं मात्र वाईट होतं, पाऱ्याची वाफ अंगात जाऊन लाळ गळायची, हात थरथरायचे. हे लपवायला नको आणि मला तरी वाटतं पार्कात पळायला येणाऱ्या प्रत्येकानं एकदा आत येऊन एवढं तरी वाचावं. ते विष अजून पूर्ण गेलेलं नाही. पार्कच्या कडेला ग्वादालूप जलाशय आहे, गावाच्या पुढे अल्माडेन जलाशय आहे, तिथे मासेमारी चालते पण पकडून परत सोडायचे, खायचे नाहीत, पाट्या लावल्यात. माशांत पारा आहे. पार्क लोकांसाठी करताना खाणीचा जुना मलबा साफ करायला आणि झाकायला काउंटीला बरंच काम करावं लागलं. लाल दगड दिसला तर उचलून खिशात घालू नका, मुलांना आधीच सांगून ठेवा.

निघताना जवळच्या छोट्या हासिएंडा दफनभूमीत गेलो. तिथे एका हाताची समाधी आहे, अक्षरशः हाताची. तेरा वर्षांच्या मुलाचा हात शिकारीच्या अपघातात गेला आणि घरच्यांनी तो इथे पुरला, तो मुलगा पुढे मोठा झाला, जगला, आणि त्याला स्वतःला सॅन होजेत दुसरीकडे पुरलंय. पोराला हे इतकं लागलं की तो गाडीत बराच वेळ बोललाच नाही, मग आजीच्या मांडीवर झोपला.

एक सांगायचं राहिलं. म्युझियममधून बाहेर पडताना टेबलावर वही होती, आलेल्यांनी नाव-गाव लिहायची. मी आमच्या सगळ्यांचं मिळून एका ओळीत लिहिलं. बाबा म्हणाले थांब, पेन घेतलं, आणि खालच्या ओळीत मराठीत स्वतःचं पूर्ण नाव, खाली "मायनिंग मेट, चिखला, जि. भंडारा", आणि किती वर्षं नोकरी ते आकड्यात. त्या आजींनी विचारलं काय लिहिलंय, मी सांगितलं, तर त्या खुर्चीतून उठल्या आणि बाबांशी हात मिळवला. बाबांना इंग्रजी येत नाही, त्यांना मराठी येत नाही, तरी दोघं पाचेक मिनिटं त्या फ्लास्कजवळ उभे राहून हातवाऱ्यांनी बोलत होते.

त्या रात्री साडेनऊ वाजता, म्हणजे तिकडे सकाळचे दहा, बाबांनी चिखल्याच्या मित्राला फोन लावला. मी स्वयंपाकघरात भांडी लावत होते. "अरे शिडी नाही बाप्पा, लाकूड. एकच लाकूड, खाचा पाडेल. अन् नव्वद किलो पाठीवर. हाव, खरंच सांगतो. नाही, लाईट कुठला, मेणबत्ती." आणि मग बराच वेळ तिकडचं ऐकत होते. फोन ठेवल्यावर मला विचारलं, पुढच्या शनिवारी म्युझियम उघडं राह्यते का, तो पंपाचा भाग नीट पाहायचा राहिला.